हाताने बांधलेली नाव



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काहींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल. तो स्कॉटलंडमधल्या लाकडी नावेवर काय बोलणार? त्यातून आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढले सगळे रात्रीच्या वाचनालयात झाले. स्कॉटलंड आम्ही पाहिलेले नाही आणि समुद्रात गुडघ्याच्या वर कधी गेलेलो नाही. तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे. आमचा जन्म गेला तो घामाला दाम मिळवून देण्यात. अशा माणसाला, जिथे शेकडो माणसे एक पैसाही न घेता हिवाळ्याच्या हिवाळे राबतात, अशा एका कामाने मोहिनी घातली. ती का घातली, आणि त्या मोहिनीत फसण्यासारखे काही आहे का, हे आपल्यासमोर मोकळेपणाने मांडावे, एवढाच आजचा हेतू.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फाईफ नावाचा प्रांत आहे. तेथे अँस्ट्रदर हे मासेमारीचे जुने गाव. एके काळी हेरिंग माशांच्या हंगामात बंदर शिडांनी भरून जाई. आता तेथे स्कॉटिश मत्स्यव्यवसायाचे संग्रहालय आहे. ते १९६९ साली उघडले. या संग्रहालयाच्या मंडळींना २००९ च्या सुमारास वाटले की काचेआड ठेवलेल्या नावा पाहून लोक हळहळतात आणि घरी जातात. नाव बांधण्याची विद्या मात्र दर वर्षी एकेका म्हाताऱ्याबरोबर मातीत जाते. म्हणून त्यांनी इयन ऑट्रेड या नावाजलेल्या नौकाकाराकडून एक नकाशा करून घेतला. हे गृहस्थ जन्माने ऑस्ट्रेलियन, पण स्काय बेटावर येऊन राहिलेले. २०२४ साली ते वारले. ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध फेअर आयल नावाचे इवलेसे बेट आहे. तेथल्या जुन्या वल्ह्यांच्या नावेवरून त्यांनी हा नकाशा बेतला. संग्रहालयाच्या जागी पूर्वी सेंट एल्स नावाचे प्रार्थनामंदिर होते, त्यावरून या नावेला 'सेंट एल्स स्किफ' म्हणू लागले.

नाव बावीस फूट लांब, पावणेसहा फुटांच्या आत रुंद, दोन्ही टोके निमुळती. चौघे वल्हेकरी, प्रत्येकाच्या हाती एकच लांब वल्हे, आणि मागे सुकाणू धरून बसणारा पाचवा. आपले कोळी बांधव त्याला तांडेल म्हणतील. बैठक पक्की, सरकती नाही. वल्ही लाकडाचीच हवीत. नकाशा साधा ठेवला होता, कारण तो पट्टीच्या कारागिरासाठी नव्हताच. गावातल्या ज्या माणसांनी आयुष्यात कधी रंधा धरला नाही, त्यांनी एकत्र येऊन बांधावी अशी ही नाव. एका गावाने बांधली, शेजारच्या गावाने पाहिली, आणि मग इरेला पेटून त्यांनीही बांधायला घेतली. २०१० च्या मे महिन्यात अँस्ट्रदरला पहिल्या शर्यती झाल्या. २०१३ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या उल्लापूल गावी या वर्गातल्या नावांची जागतिक स्पर्धा भरली. २०१६ साली ती उत्तर आयर्लंडमध्ये झाली, २०१९ आणि २०२५ साली स्ट्रॅनरार येथे. आज अशा नावा शेकड्यांनी मोजाव्या लागतात आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत त्या पोहोचल्या आहेत.

परंतु शर्यतींत आम्हांला फारसा रस नाही. आम्हांला ती नाव बांधली जाते कशी ते पाहावेसे वाटते, आणि त्यावर थोडे रेंगाळण्याची परवानगी आपण द्यावी.

प्रथम जागा शोधावी लागते: कुणाची गोदामाची पडवी, बंद पडलेली शाळा, शेतकऱ्याची गोठ्याशेजारची खोली. लांबी तीस फूट हवी, छप्पर गळके चालत नाही, आणि थंडी इतकी की सरस नीट धरावा म्हणून शेगडी पेटवावी लागते. नाव बांधतात ती उपडी. जमिनीवर लाकडी चौकट ठोकून तिच्यावर ठरावीक अंतराने आडवे साचे उभे करतात. या साच्यांच्या रांगेकडे पाहिले की एखाद्या मोठ्या माशाचा सांगाडा पालथा पडला आहे असे वाटावे. साचे ओळंब्यात नसतील, एकमेकांशी गुण्यात नसतील, तर पुढची सहा महिन्यांची मेहनत वाकडी जाते. म्हणून पहिले काही आठवडे नुसते मोजणे चालते. उत्साही माणसांना हे फार जड जाते. ते खिळा ठोकायला आलेले असतात आणि त्यांच्या हाती दोरी आणि पट्टी देतात.

मग कणा बसतो. पुढचे टोक, ज्याला आपल्या किनाऱ्यावर नाळ म्हणतात, आणि मागचे टोक ही दोन्ही लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून वाकवलेली. त्यानंतर फळ्या. या नावेची सारी गंमत फळ्यांत आहे. आपल्याकडे बहुधा फळीच्या कडेला फळी भिडवतात आणि मधली सांध कापूस ठासून बुजवतात. उत्तरेकडच्या समुद्रातली रीत निराळी. तिला ते लोक क्लिंकर म्हणतात. आपण मंगळुरी कौले पाहिली आहेत. वरचे कौल खालच्या कौलावर थोडे चढलेले असते, म्हणून पाणी आत येत नाही. अगदी तसेच वरची फळी खालच्या फळीवर बोटभर चढवायची. सांगायला सोपे आहे. पण नावेचे पोट मध्ये फुगलेले आणि टोकांशी आवळलेले. म्हणजे दोन फळ्यांमधला कोन दर हातागणिक बदलतो. जिथे वरची फळी टेकायची, तिथे खालच्या फळीची कड तासून त्या बदलत्या कोनात आणावी लागते. हे काम रंध्याचे. एक पापुद्रा जास्त निघाला तर फट राहते, कमी निघाला तर फळी फुगून बसते. कोणताही नकाशा हा कोन हाताला शिकवत नाही. फळी लावून पाहायची, काढायची, तासायची, पुन्हा लावून पाहायची.

दोन्ही बाजूंची फळी एकाच संध्याकाळी चिकटवावी लागते, नाही तर साचा एका अंगाला ओढला जातो. त्या संध्याकाळी सारा गाव लागतो. एकजण सरस कालवतो, दोघे लावतात, सहाजण फळी उचलून धरतात, आणि बाकीचे शिकंजे आवळतात. इतके शिकंजे विकत कोण आणणार? म्हणून ते प्लायवूडच्या तुकड्यांचे घरीच करतात, डझनांनी. सरस वाळेपर्यंत चहा.

सगळ्या फळ्या चढल्या की नाव उलथण्याचा दिवस येतो. हा सोहळाच असतो. इतके दिवस जी वस्तू पालथ्या टोपलीसारखी दिसत होती, तिला वीस हात लागतात, ती कुशीवर होते, आणि सरळ झाली की पहिल्यांदा नाव दिसते. मग आतल्या आडव्या बैठका, वरचा काठ, सुकाणू, वल्ही. वल्ही करणे हा वेगळाच अभ्यास आहे. पहिल्या वर्षीची वल्ही जड होतात, दुसऱ्या वर्षी हात सुधारतो.

आता एक आक्षेप. जाणकार म्हणतात, यात परंपरा कुठे आहे? ओकचा सांगाडा नाही, लार्चच्या फळ्या नाहीत. आहे ते प्लायवूड. तांब्याचे खिळे नाहीत; आहे तो इपॉक्सी नावाचा रासायनिक सरस. आणि फळ्या तरी कुठे हाताने कापलेल्या आहेत? त्या कारखान्यातून संगणकी यंत्रावर कापून, गठ्ठा बांधून येतात. त्यांचा आक्षेप पोकळ नाही. जुन्या पद्धतीत एकेका नावेत शेकडो तांब्याचे खिळे जात. बाहेरचा माणूस खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंड दाबून धरी; आतला माणूस खिळ्याच्या टोकावर तांब्याची टिकली चढवून, जास्तीचा खिळा छाटून, उरलेला ठोकून बसवी. दोघे एकमेकांना दिसत नसत. मध्ये नावेची भिंत. केवळ आवाजावरून ताल जमे. ही जोडी वर्षानुवर्षे टिकली की ठोके मोजायची गरज उरत नसे, असे वाचले तेव्हा आम्हांला आपल्याकडची घणवाली जोडी आठवली. हे सरसाने होत नाही, हे कबूल केले पाहिजे.

पण गठ्ठा बांधून आलेल्या नावेवरचा आक्षेप मात्र इतिहासापुढे टिकत नाही. शेटलंड बेटांवर झाडे जवळजवळ नाहीतच. वारा ती उगवू देत नाही. मग तेथल्या कोळ्यांना नावा कुठून मिळत? नॉर्वेहून. नॉर्वेचा सुतार नाव बांधी, ती सुटी करी, फळ्यांचा गठ्ठा जहाजात घाली, आणि शेटलंडचा माणूस तो गठ्ठा सोडून पुन्हा जुळवी. एकोणिसाव्या शतकात बराच काळ हे चालले होते. पुढे तेथील सुतार आणलेल्या लाकडातून स्वतः नावा बांधू लागले. म्हणजे ज्या बेटांची नाव आज नमुना म्हणून घेतली, तेथली परंपराच मुळी सुट्या गठ्ठ्याची होती! परंपरेचे नाव घेऊन भांडणाऱ्यांनी थोडे मागे जाऊन पाहिले की पुष्कळदा असे निघते.

आणि मागे गेलोच आहोत तर आणखी एक गोष्ट पाहू. जुन्या नावेबद्दल आज जे हळवेपण दिसते, ते त्या नावेत बसणाऱ्यांना नव्हते. शेटलंडचे कोळी सहा वल्ह्यांच्या उघड्या नावेतून तीस-चाळीस मैल खोल समुद्रात जात. वर छत नाही, तळाशी बंद कोठा नाही. १८३२ च्या जुलैमध्ये एका वादळात एकतीस नावा आणि एकशे पाच माणसे गेली. १८८१ च्या जुलैमध्ये पुन्हा दहा नावा आणि अठ्ठावन्न माणसे. हे समुद्राने केले, असे म्हणता येईल. पण त्यांना इतक्या दूर कोण पाठवत होते? जमीनदार. घर आणि तुकडाभर जमीन त्याची. ती हवी तर मासे त्यालाच घालायचे, भाव तो ठरवणार. धान्य, दोर, गळ, कापड त्याच्या किंवा त्याच्या व्यापाऱ्याच्या दुकानातून उधारीवर घ्यायचे, आणि हिशेब वर्षातून एकदा. हिशेबात कोळ्याकडेच बाकी निघे. आपल्या ऊसतोडणी कामगाराला 'उचल' म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. त्यांनाही लागले नसते. १८७२ साली ब्रिटिश सरकारने शेटलंडमधल्या या वस्तुरूप मजुरीच्या पद्धतीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमून साक्षी घेतल्या. १८८६ च्या कायद्याने छोट्या कुळांना जमिनीवरून उठवण्याची जमीनदाराची मुभा काढून घेतली, तेव्हा कोठे हा फास सैल झाला.

म्हणून आम्ही म्हणतो, नाव ओकची की प्लायवूडची हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, नाव कुणाची? जुन्या नावेत कारागिरी अव्वल होती, पण ती नाव चालवणारा मोकळा नव्हता. आजच्या नावेत कारागिरी दुय्यम असेल, पण ती गावाच्या मंडळाची आहे. ज्याने एक संध्याकाळ शिकंजा आवळला, त्याला तिच्यात बसून वल्हे मारण्याचा अधिकार आहे. तिच्यातून एकही मासा कुणाच्या हिशेबात जात नाही.

फाईफच्या किनाऱ्याचा आणखी एक धागा येथे सांगितला पाहिजे, कारण तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे. या किनाऱ्यावर कोळशाच्या खाणी होत्या. काहींचे बोगदे समुद्राच्या तळाखाली गेले होते. खाणकामगारांच्या गावांमध्ये वल्ह्यांच्या नावांच्या शर्यती होत. आठवडाभर अंधारात वाकून काम करणारा माणूस सुट्टीच्या दिवशी उघड्या पाण्यावर पाठ ताठ करून बसे, यात आम्हांला तरी काही आश्चर्य वाटत नाही. पुढे त्या शर्यती मावळल्या. १९६७ साली मायकेल खाणीला आग लागून नऊ माणसे गेली आणि ती खाण बंद झाली. १९८४–८५ च्या मोठ्या संपानंतर उरलेल्या खाणी एकामागून एक मिटल्या. स्कॉटलंडमधली शेवटची खोल खाण २००२ साली बंद पडली. आजच्या वल्हेकऱ्यांची चळवळ उभी करताना तेथील लोकांनी त्या जुन्या शर्यतींची आठवण जागवली. खाणी परत आणता येत नव्हत्या. शर्यती आणता आल्या.

येथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, वक्ते महाशय फुकटच्या कामाचे भक्त झाले. तसे नाही. 'श्रमदान' हा शब्द कानावर आला की आमचा हात आधी खिशाकडे जातो. एका कारखान्याची गोष्ट सांगतो; नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे शनिवारी पाळी सुटल्यावर यंत्रांची साफसफाई करण्याचा एक तास 'श्रमदान' म्हणून सुरू झाला. भिंतीवर संतवचने लागली. पहिल्या शनिवारी व्यवस्थापक स्वतः झाडू घेऊन आले आणि छायाचित्र निघाले. दुसऱ्या शनिवारी ते आले नाहीत. तिसऱ्या महिन्यात असे दिसून आले की सफाईसाठी जी सहा माणसे होती, त्यांतली चार कमी केली आहेत. श्रमदान कामगारांचे, दान मिळाले मालकाला, आणि किंमत मोजली त्या चौघांनी. गावोगावच्या पाणलोटाच्या कामांतही आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो: बांध घालायला ज्याने टोपली उचलली त्याला जमीन आहे का? नसेल तर पाणी कुणाच्या विहिरीला गेले? प्रश्न विचारला म्हणजे काम वाईट ठरते असे नाही. पण तो विचारलाच पाहिजे.

त्या नावेला हाच प्रश्न आम्ही विचारून पाहिला. या स्वयंसेवकांनी कुणाची भाकरी हिसकावली का? जुन्या पद्धतीच्या वल्ह्यांच्या नावा बांधून घेणारे गिऱ्हाईकच उरले नव्हते. होते ते हातावर मोजण्याइतके. उलट नकाशाकाराला नकाशाचे पैसे मिळाले, फळ्या कापून देणाऱ्याला काम मिळाले, लाकूडवाल्याला मिळाले. अडलेल्या ठिकाणी एखाद्या मुरलेल्या कारागिराला बोलावले तर त्याला त्याची मजुरी द्यावी, असे आमचे स्वच्छ मत आहे. हौस आपली म्हणून त्याचे पोट हौशी होत नाही.

न मागितलेल्या, पण स्वतःच्या मर्जीने केलेल्या कामाचे एक फार मोठे उदाहरण त्याच देशात घडले आहे. ग्लासगो शहरात क्लाइड नदीच्या काठी जहाजबांधणीच्या गोद्या. १९७१ साली तेथील चार-पाच गोद्यांचा समूह दिवाळ्यात निघाला आणि सरकारने हात वर केले. हजारो नोकऱ्या जाणार होत्या. कामगारांनी काय करावे? संप करावा, तर मालकाला तेच हवे. गोदी बंदच करायची आहे. त्यांनी उलटे केले. ३० जुलै १९७१ पासून त्यांनी काम चालू ठेवले! ज्यांना नोटिसा मिळाल्या तेही कामावर येत राहिले. त्यांचा पगार वर्गणीतून. जिमी रीड हा त्यांचा एक पुढारी. गोव्हन वस्तीत जन्मलेला, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला, वाचनालयांत वाढलेला. त्याने पहिल्याच दिवसांत बजावले की दंगा होणार नाही, मोडतोड होणार नाही, दारू चालणार नाही. १९७२ च्या फेब्रुवारीत सरकारने माघार घेऊन पैसा दिला, आणि ऑक्टोबरात हा लढा संपला. जहाज बांधणाऱ्याला जहाज बांधण्याची हौस नसते, तो फक्त पगारासाठी येतो, असे ज्यांना वाटते त्यांनी ही हकीकत जरूर वाचावी. मात्र हेही लक्षात घ्यावे की ते काम करीत होते ते पगाराचा हक्क राखण्यासाठी.

त्याच गोव्हनमध्ये १९९७ साली 'गॅलगेल' नावाची एक संस्था निघाली. जुन्या गेलिक भाषेतला हा शब्द; त्यात परका आणि आपला हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. कॉलिन मॅक्लाउड नावाच्या तरुणाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती काढली. हा तरुण आधी मोटाररस्त्यासाठी झाडे तोडण्याविरुद्धच्या सत्याग्रहात होता. २००५ साली अकाली वारला. ज्या वस्तीत बाप-आजे पोलादी जहाजे बांधत आणि नातू बेकार बसत, तेथे त्यांनी एक कार्यशाळा उघडली. बेकारीने, दारूने, तुरुंगवासाने खचलेली माणसे तेथे येऊन लाकूडकाम शिकतात; तेथे लाकडी नावाही बांधल्या गेल्या. व्याख्यानाने जी माणसे उठत नाहीत ती पटाशीने उठतात, हे आम्ही आमच्याच धंद्यावर घाव घालून सांगतो. पण एक नाव म्हणजे गोदी नव्हे. एका कार्यशाळेत काही डझन माणसे सावरतील. गोद्यांनी हजारो घरे पोसली. नावेचे कौतुक करता करता कुणी गोदीचा प्रश्न गुंडाळून ठेवू लागला, तर त्याच्याशी आमचे भांडण आहे.

आता आपल्या गावाकडे येतो. येथल्या ओतकामाच्या भट्ट्या आपणांस ठाऊक आहेत. लोखंड ओतायचे तर आधी वाळूत पोकळी हवी, आणि पोकळीसाठी लाकडी नमुना हवा. तो करणारा पॅटर्नमेकर. हा सुतारांतला सुतार. लोखंड थंड होताना आवळते, म्हणून नमुना तितका मोठा करायचा. वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. आमच्या युनियनचे एक जुने सभासद असे नामी पॅटर्नमेकर होते. संगणकी यंत्रे आली; नमुने त्यांवर कापले जाऊ लागले. आज ते एका इमारतीच्या फाटकावर रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. या नावेची चित्रे आम्ही त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, ही फळी मशीन कापंल. पण तिची कड मारायला माणूसच लागंल." मघाशी तो जो कोन आपणांला सांगताना आमची तारांबळ उडाली, तो त्यांना एका दृष्टीत दिसला. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आन् हे लोक कामावर कधी जात्यात?"

हा प्रश्न साऱ्या विषयाचा गाभा आहे. हिवाळाभर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि एक शनिवार या माणसांकडे आला कुठून? तो आकाशातून पडलेला नाही. स्कॉटलंडमध्येच, न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीचा चालक रॉबर्ट ओवेन याने दिवसाचे तीन भाग करावेत, आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती, असा विचार १८१७ च्या सुमारास मांडला, आणि पुढे तो साऱ्या जगाच्या कामगारांची मागणी झाला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. रविवार कॅलेंडरात आपोआप लाल झाला नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि दिवसाला नऊ तास ही मर्यादा घातली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, असे सांगण्यात आले. कागदावर बेरीज बरोबर येते. पण ज्याने बारा तास भट्टीपुढे काढले, त्यात जाण्यायेण्याचे दोन तास घातले, त्याच्या हातात त्या संध्याकाळी रंधा द्या आणि पाहा. माणसाचे तास आठवड्याच्या पोत्यात भरून मोजायचे नसतात. ते दिवसाला मोजायचे असतात, कारण थकवा दिवसाला येतो.

स्कॉटलंडमधल्या या मंडळांतही निवृत्त माणसे पुष्कळ असणार, ज्यांचे पेन्शन ठरलेले आहे. ज्याला दोन ठिकाणी राबावे लागते, तो तेथेही पडवीत येऊ शकत नाही. हौस ही श्रीमंताची मक्तेदारी आहे, असे आम्ही म्हणत नाही. खाणकामगारांनी ते खोटे ठरवले आहे. पण हौसेला रिकामी संध्याकाळ लागते, आणि ती संध्याकाळ कुणीतरी मागून, भांडून, प्रसंगी उपाशी राहून मिळवलेली असते. आमच्या संघटनेच्या मागणीपत्रकात पगाराच्या वरच्या ओळीत तास का असतात, असे कार्यकर्ते विचारतात. त्यांना आम्ही अलीकडे या नावेची चित्रे दाखवतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा आवरतो. बाहेरच्या पटांगणात आम्ही खडूने त्या नावेचा आकार काढून ठेवला आहे, बावीस फूट पुरा. आपण चालून पाहावा, मुलांना आत बसवावे. त्याच्या शेजारी मेज मांडले आहे. ज्या पॅटर्नमेकरांचा मी उल्लेख केला ते तेथे उभे आहेत आणि दोन फळ्यांची कड कशी मारतात, ते रंधा चालवून दाखवणार आहेत. ज्यांना हात लावून पाहायचा आहे त्यांनी जरूर पाहावा. रंधा धारदार आहे, बोटे सांभाळावीत. त्यांची आज रात्रपाळी आहे, म्हणून साडेनऊला त्यांना सोडावे लागेल. तासाभराच्या कामाची त्यांची मजुरी समितीने आधीच चुकती केली आहे.